हलवायाच्या घरावर तुळशीपत्र

पुणें शहराची सर्वांत जुनी वस्ती म्हणजे कसबा पेठ. ह्या पेठेंत एक कागदीपुरा आहे व एक तांबट आळी आहे. कागदीपुऱ्यास हें नांव हातानें कागद करणाऱ्या कारागिरांच्या वस्तीवरून पडलें. तांबट आळींत तांब्याच्या पत्र्यावर मठार देणाऱ्या हातोडीचा आवाज पेशवाईपासून आजतागायत अगदींच थांबलेला नाहीं. मनाचा व्यवहार कागदावर चालतो आणि पोटाचा व्यवहार भांड्यावर. हे दोन्ही ह्या एका पेठेंत पिढ्यान् पिढ्या नांदले. तांबटाची जमाखर्चाची वहीही कागदाचीच होती. परंतु मुलीच्या सासरहून आलेलें पत्र त्यानें त्या वहींत डकवून ठेविलें आणि हिशेब पाहावयास आलेल्या गुमास्त्यापुढें तें उघडें टाकलें, असें कोणीं ऐकिलें नसेल. कागद दोन्ही सारखेच. पण एकाची जागा दुकानांत, दुसऱ्याची देवघरांतल्या कोनाड्यांत. ही निवड कोणा सरकारच्या कायद्यानें शिकविलेली नव्हती; ती ज्याची त्यास कळत होती.

सांप्रत हा आडपडदा नाहींसा होऊं लागला आहे. बंब आणि घंगाळें यांचे दिवस सरले. कारागिराच्या घरांतील शिकलेला मुलगा किंवा सून दूरदूरच्या गिऱ्हाइकांशीं ई-मेलनें बोलणें करिते, आणि गिऱ्हाइकें शंभरावर गेलीं कीं कोणास काय पाठविलें, कोणाचें उत्तर राहिलें, याचा मेळ लागेनासा होतो. मग गिऱ्हाइकांची नोंद ठेवणारें एखादें सॉफ्टवेअर घेतलें जातें. धंद्याच्या बोलींत त्यास सीआरएम म्हणतात. ह्या तीन अक्षरांचा अर्थ ग्राहकांशीं असलेल्या संबंधांचें व्यवस्थापन असा आहे. तें पहिल्याच दिवशीं विचारतें, 'आपलें ई-मेलचें खातें जोडावयाचें काय?' दुकानाचें निराळें खातें नसल्यामुळें पुष्कळ लोक आपलें खासगी खातेंच जोडून मोकळे होतात. तांबट आळीचें उदाहरण आम्हीं केवळ जवळचें म्हणून घेतलें. शिकवण्या घेणारे मास्तर, विम्याचे प्रतिनिधी, लहानसहान कारखानदार, वकील, सर्वांपुढें हीच पाटी येऊन उभी राहते. ह्या एका होकारांत नीतीचा एक प्रश्न दडलेला आहे, आणि आमच्या मतें तो दिसतो तितका क्षुल्लक नाहीं.

होकार दिल्यानें नेमकें काय घडतें, तें आधीं पाहूं. टपालाची पेटी ज्या कंपनीकडे असते ती एक पान दाखविते. अमुक सॉफ्टवेअरास आपलीं पत्रें वाचण्याची, लिहिण्याची, पाठविण्याची, आणि कांहीं वेळां कायमचीं खोडून टाकण्याचीही मुभा हवी आहे, असें त्यावर लिहिलेलें असतें. आपण मान्य करतों. आपला परवलीचा शब्द त्या सॉफ्टवेअरास कळत नाहीं. त्याऐवजीं त्यास एक निराळी किल्ली मिळते, आणि ती आपण परत मागेपर्यंत बहुधा चालत राहते. मग ज्यांनीं आपणांस लिहिलें व ज्यांस आपण लिहिलें, त्यांच्या पत्त्यांवरून एकेकाच्या नांवाचें एकेक पान उघडतें आणि पत्रें त्या पानावर जाऊन बसतात. कांहीं सॉफ्टवेअरें जुनीं पत्रेंही ओढून घेतात. कांहींत दुकानांतील इतर माणसांसही तीं दिसतात. आपण धाडलेल्या पत्रांत डोळ्यांस न दिसणारें एक चिमुकलें चित्र घालून, समोरच्यानें पत्र केव्हां उघडलें, किती वेळां उघडलें, याचीही टिपणी ठेवतां येते. सर्वच सॉफ्टवेअरें हें सर्व करितात असें आम्ही म्हणत नाहीं. त्यांस आवर घालण्याच्या सोयीही असतात. परंतु यंत्राचा मूळ स्वभाव ध्यानांत घेतला पाहिजे. नागपूरच्या गिऱ्हाइकाची मागणी आणि सांगलीच्या मावशीचें दुखणें यांतील भेद त्यास आपोआप कळत नाहीं. त्याच्या लेखीं दोन्ही ठिकाणीं एक पत्ता असतो, आणि पत्ता म्हणजे होऊं घातलेलें गिऱ्हाईक.

तेव्हां प्रश्न असा कीं, हा होकार कोणीं दिला, आणि तो कोणाच्या वस्तूविषयीं होता? पेटी आपली खरी; परंतु तिच्यांतील निम्में लेखन दुसऱ्यांचें आहे. त्यांनीं तें आपणांस लिहिलें, दुकानास लिहिलें नाहीं. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवण्याची आपली जुनी म्हण आहे: दान करणाराचा हात मोठा उदार, पण मिठाई हलवायाची. येथें तर हलवायास दान झाल्याचाही पत्ता नसतो. पुण्यांत लग्नाचें पहिलें आमंत्रण कसब्याच्या गणपतीस देण्याची चाल आहे. त्यानंतर घरोघर जाण्यासाठीं नांवांची व पत्त्यांची यादी होते. ती यादी लग्न उरकल्यावर एखाद्या सराफास नेऊन दिली, तर देणाराविषयीं आपण काय म्हणूं? यादी त्यानेंच केली होती, अक्षरही त्याचेंच होतें, तरीसुद्धां ती त्याची नव्हती. एका कार्यापुरती ती त्याच्या हातीं होती, इतकेंच.

आलेल्या पत्राचा धनी कोण, हा वाद नवा नाहीं. इंग्लंडांत 1741 सालीं पोप ह्या कवीचा आणि त्याचीं पत्रें विकत सुटलेल्या कर्ल नांवाच्या पुस्तकविक्याचा खटला झाला. लॉर्ड हार्डविक ह्या न्यायाधीशानें निवाडा केला कीं, पत्र पाठविल्यानें कागद घेणाराचा होतो. परंतु त्यावरील शब्द जगापुढें मांडण्याची परवानगी त्याबरोबर जात नाहीं. यांतील आणखी एक गोष्ट फार मार्मिक आहे. पोपला मिळालेली मनाई त्यानें स्वतः लिहिलेल्या पत्रांपुरतीच होती. त्यास इतरांनीं लिहिलेल्या पत्रांवर त्याचा तसा हक्क न्यायाधीशानें मानला नाहीं. पत्रें पोपच्या घरीं आलीं होतीं, तरी त्यांतील शब्दांचा धनी पोप नव्हता.

आपल्याकडील धर्मशास्त्र ह्या बाबतींत अधिक खोल गेलें आहे असें आम्हांस वाटतें. दुसऱ्यानें आपल्या हातीं सोंपविलेल्या वस्तूंचा विचार करितांना याज्ञवल्क्य स्मृतीनें उपनिधि म्हणून एक प्रकार सांगितला आहे. पेटींत किंवा भांड्यांत घालून, आंत काय आहे तें न सांगतां, विश्वासानें दुसऱ्याच्या हातीं दिलेली वस्तु म्हणजे उपनिधि. ती जशीच्या तशी परत करावयाची. राजानें नेली, दैवानें नष्ट झाली किंवा चोरांनीं लुटली, तर ठेव राखणारास भरपाई द्यावी लागत नाहीं. परंतु त्यानें आपल्या इच्छेनें त्या ठेवीवर उपजीविका केली, तर तो दंडास पात्र होतो आणि ठेव वाढीसह परत करावी लागते. खासगी पत्र हा आमच्या मतें उपनिधीचाच एक प्रकार होय. कोणी आपल्या पेटीचें कुलूप फोडून पत्रें चोरलीं, तर मित्र आपणांस दोष देणार नाहीं. पण ज्या पत्रांवर आपण स्वतः दुकान चालवूं लागलों, त्यांच्याविषयीं ती सवलत उरत नाहीं. चोरीला गेलेली ठेव आणि धंद्यांत लावलेली ठेव यांतील हा भेद विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेनें शतकानुशतकें आपल्या पूर्वजांस शिकविला; आतां पेटी लोखंडाची न राहतां विजेची झाली, म्हणून तो पुसून जाण्याचें कारण नाहीं.

यावर पहिला आक्षेप असा येईल कीं, गिऱ्हाईक लक्षांत ठेवणें हा दुकानदाराचा धर्मच आहे. कोणाच्या मुलीच्या लग्नांत कोणतीं भांडीं गेलीं, कोणाच्या घरीं आतां बारसें आहे, हें जुन्या तांबटासही तोंडपाठ असे. मग यंत्रानें तेंच केलें तर बिघडलें कोठें? आक्षेप रास्त आहे, पण त्यांत तीन गोष्टी विसरल्या जातात. तांबटास जें ठाऊक होतें तें गिऱ्हाइकानेंच त्याच्या दुकानांत बसून, हें दुकान आहे असें जाणून, सांगितलेलें होतें. दुसरें, तें ज्ञान दोन्ही बाजूंचें होतें. तांबटास गिऱ्हाइकाचें घर ठाऊक, तसें गिऱ्हाइकासही तांबटाचें घर ठाऊक. तिसरें, तें एका मनुष्याच्या डोक्यांत राही, आणि मनुष्याची स्मृति दयाळू असते. ती नको तें विसरते. पांच वर्षांपूर्वींचें भांडण ती गिऱ्हाइकाच्या नांवापुढें तारीखवार मांडून ठेवीत नाहीं. यंत्राची वही विसरत नाहीं, एकाच बाजूनें पाहते, आणि जें तिला कोणीं सांगितलें नव्हतें तेंही ती टिपून घेते. दोहोंसही स्मरण हा एकच शब्द लावणें म्हणजे शेजारणीच्या विचारपुशीला आणि बहिर्जीच्या हेरगिरीला एकच नांव देणें होय.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पत्रें वाचलीं कोणीं? यंत्रानें. नुकसान झालें कोणाचें? कोणाचेंच नाहीं. मग ही सर्व हळहळ कशासाठीं? ह्यास आमचें एक उत्तर व्यवहाराचें आहे व दुसरें तत्त्वाचें. व्यवहाराचें आधीं सांगतों. 2018 च्या एप्रिलांत फेसबुक कंपनीनें स्वतः जाहीर केलें कीं, केंब्रिज ॲनॅलिटिका प्रकरणांतील तें प्रश्नावलीचें ॲप भारतांत अवघ्या 335 जणांनीं वापरलें होतें. परंतु ज्यांची माहिती त्या मार्गानें परक्या हातीं गेली असण्याचा संभव होता, अशा भारतांतील लोकांची संख्या 5,62,455 भरली. म्हणजे 5,62,120 लोकांनीं स्वतः कोणासही होकार दिला नव्हता. त्यांचा अपराध इतकाच कीं, त्यांच्या ओळखीच्या कोणी तरी दिला होता. त्याच वर्षीं जुलै महिन्यांत अमेरिकेंतील वॉल स्ट्रीट जर्नल ह्या पत्रानें उघडकीस आणलें कीं, गूगलच्या टपालपेटीशीं जोडून घेतलेल्या कांहीं बाहेरच्या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या नोकरांनीं लोकांचीं पत्रें प्रत्यक्ष डोळ्यांनीं वाचलीं होतीं. खातेदारांनीं होकार दिलेला होता, हेंच त्या कंपन्यांचें समर्थन होतें. पत्र लिहिणारांस कोणीं विचारलें होतें, याचें उत्तर त्या समर्थनांत नव्हतें. ऑक्टोबरांत गूगलनें आपले नियम कडक केले. तेव्हां यंत्र वाचतें आणि मनुष्य वाचत नाहीं, हा भरंवसा वाटतो तितका पक्का नाहीं.

परंतु समजा, कोणाचेंही कांहींही वांकडें झालें नाहीं. तरीही आमचा आक्षेप उभा राहतो, आणि हेंच तत्त्वाचें उत्तर. मनुष्य बोलतो तेव्हां शब्द निवडतो, आणि त्याबरोबर ऐकणाराही निवडतो. ही दुसरी निवड बोलण्याचाच एक भाग आहे. आईपाशीं बोललेलें वाक्य सावकारापाशीं बोललें तर अक्षरें तींच राहून बोलणें बदलतें. बालमैत्रिणीनें नवऱ्याच्या आजाराविषयीं लिहिलेलें पत्र दहा वर्षांपूर्वीं आलें. तिनें तें एका मैत्रिणीस लिहिलें होतें. आज एका होकारानें त्याच्या पाकिटावरील पत्ता मागें जाऊन बदलला गेला. तें आतां एका दुकानास लिहिलेलें पत्र झालें. जें ती कधींही करती ना, तें तिच्या नांवावर तिच्या नकळत झालें. हाच अन्याय. त्यास नुकसानीचा पुरावा लागत नाहीं; ज्याप्रमाणें झोंपलेल्या मनुष्याचा अंगठा कोऱ्या कागदावर उठविला आणि तो कागद पुढें कधीं वापरला नाहीं, तरी अंगठा उठविणें गैरच ठरतें, त्याप्रमाणें.

तिसरा आक्षेप घेणारे म्हणतात, ई-मेल हें मुळीं उघडें कार्डच आहे. वाटेंत किती यंत्रांतून तें जातें, त्यांत आणखी एकाची भर. उपमा बरी आहे, पण ती आक्षेपकांच्याच विरुद्ध जाते. हिंदुस्थानांत पोस्टकार्ड 1 जुलै 1879 रोजीं सुरू झालें. पाव आण्यांत निरोप जाऊं लागला. तें उघडेंच असे, शिपायास वाचतां येई, वाड्यांत ज्याच्या हातीं पडे त्यासही वाचतां येई. तरीही दुसऱ्याचें कार्ड वाचूं नये हा संस्कार घरोघरीं मुलांस दिला गेला. वाचतां येतें म्हणून वाचावें असें त्या वेळच्या अडाण्यानेंही मानलें नाहीं. ज्यास कुलूप नाहीं त्याचें रक्षण सभ्यतेनें करावयाचें असतें. कुलूप असतें तेथें सभ्यतेची परीक्षाच होत नाहीं.

कायद्यानेंही आतां ह्या बाजूस पाऊल टाकिलें आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं 24 ऑगस्ट 2017 रोजीं एकमतानें ठरविलें कीं, खासगीपणा हा घटनेनें दिलेला मूलभूत हक्क आहे. पुढें 2023 च्या ऑगस्टांत वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम 2025 च्या नोव्हेंबरांत प्रसिद्ध झाले आणि मुख्य जबाबदाऱ्यांच्या अंमलासाठीं अठरा महिन्यांची मुदत ठेविली गेली. ह्या कायद्यांतील एक कलम आमच्या विषयाशीं विशेष लागू आहे. कोणी व्यक्ति आपल्या खासगी किंवा घरगुती कामासाठीं दुसऱ्यांची माहिती बाळगीत असेल, तर तीस हा कायदा लागत नाहीं. मावशीचा पत्ता, मित्राचा दूरध्वनि, शेजाऱ्याच्या मुलाचा जन्मदिवस, हें सर्व ह्या सवलतीच्या छत्राखालीं सुखानें राहतें. पण तीच पेटी दुकानाच्या वहीस जोडली कीं छत्र दूर होतें, कारण काम घरगुती राहिलें नाहीं. मग ज्याची माहिती आहे त्याची मोकळी, नेमकी आणि समजून उमजून दिलेली संमति लागते, आणि तशी संमति मावशीपाशीं कोणीं मागितलेली नसते. तथापि कायद्याच्या भीतीनें हें टाळावें असें आमचें म्हणणें नाहीं. कायद्यानें उंबरठ्याची जागा बरोबर ओळखली, एवढेंच त्याचें श्रेय. उंबरठा त्यापूर्वींही होता.

पुण्यांतील कोणी इतिहासभक्त येथें चौथी शंका काढील. पेशवे दफ्तरांतील कागद जर कोणी वाचलेच नसते, तर मराठ्यांचा इतिहास कोठून आला असता? राजवाड्यांनीं गांवोगांव फिरून लोकांच्या माळ्यांवरचीं दप्तरें सोडविलीं. 1898 पासून 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' निघूं लागलीं. 1910 मध्यें भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें. पुढें सरदेसायांनीं दफ्तरांतले निवडक कागद 45 भागांत छापून काढिले. त्यांत सरकारी कागद पुष्कळ, पण कोणाचें दुखणें, कोणाचें कर्ज, कोणाचा कौटुंबिक कलह, हेंही सर्व त्यांत आहे, आणि तें वाचून आपण संशोधकांचे उपकारच मानतों. हें आम्हांस मान्य आहे. परंतु इतिहासकार पत्र वाचतो तें लिहिणारास समजून घेण्यासाठीं. त्याच्या गरजा हेरून त्यास कांहीं विकण्यासाठीं नव्हे. शिवाय मधें काळ गेलेला असतो, आणि ज्यांचें लाजणें, भिणें, दुखावणें शक्य होतें तीं माणसें राहिलेलीं नसतात. आपल्या पेटींतलीं माणसें जिवंत आहेत. उद्यां सकाळीं तीं आपणांस रस्त्यांत भेटणार आहेत.

येथवर आम्हीं पत्र लिहिणाराचा विचार केला. पण जो खातें जोडतो त्याच्या मनांतही एक बदल होतो, आणि आमच्या समजुतीनें तोच अधिक दूरगामी आहे. यंत्राच्या वहींत प्रत्येक नांवापुढें शेवटचें बोलणें केव्हां झालें, पुढें काय विकण्याची संधि आहे, याची रकाने आंखून सोय केलेली असते. रोज सकाळीं ती वही उघडणारा मनुष्य हळूहळू त्या रकान्यांतून माणसें पाहूं लागतो. मित्रानें नवें घर बांधल्याचें कळविलें. वाचणाराच्या तोंडून 'वा!' निघण्यापूर्वींच वास्तुशांतीला तांब्याचे कलश किती लागतील याचा हिशेब सुरू होतो. हिशेब करणें पाप नव्हे. दुकानदारानें तो न करावा तर कोणीं करावा? परंतु ज्या नात्यांत हिशेब नव्हता तेथें तो शिरला कीं तें नातें पूर्वीचें राहत नाहीं, आणि ही गोष्ट समोरच्यास फार लवकर उमगते. पत्रांतली ऊब खरी कीं माल खपविण्यापुरती, हें ओळखण्याची एक सूक्ष्म शक्ति सर्वांपाशीं असते. संबंधांचें व्यवस्थापन ह्या शब्दांतच मुळीं गडबड आहे. मालाचें व्यवस्थापन होतें, उधारीचें होतें. संबंध राखावयाचा असतो.

आतां अडचणीचाही विचार केला पाहिजे. ज्याचें दुकान दोन खोल्यांचें, त्याचें टपालाचें खातेंही एकच असतें. गिऱ्हाइकें आणि नातेवाईक वर्षानुवर्षें त्याच पत्त्यावर लिहीत आलेले असतात. अशा गरीब उद्योगी मनुष्यास नीतीचे धडे देणें सोपें आहे. त्याहूनही बिकट स्थिति नोकराची. कामाच्या सोयीसाठीं तुझें स्वतःचेंच खातें जोड, असें मालक म्हणतो तेव्हां नाहीं म्हणण्यास पोट आड येतें. अशा वेळीं दोषाचा मोठा वांटा होय म्हणणाराकडे न जातां तो होकार सक्तीनें काढून घेणाराकडे जातो. एका नोकराच्या पगारांत त्याच्या सर्व आप्तेष्टांचीं पत्रें मालकानें विकत घेतलेलीं नसतात.

तरीपण ही अडचण वाट नसलेल्या रानांतली नाहीं. होळकरांच्या राज्यांत दौलत आणि खासगी अशीं दोन खातीं निरनिराळीं ठेवलेलीं असत; अहिल्याबाईंनीं देशभर देवळें आणि घाट उभे केले ते ह्या खासगींतून. आज ज्यास आपण खासगी म्हणतों त्या शब्दाच्या पोटांत ही शिस्त आहे: दोन पेट्या, दोन किल्ल्या. एवढ्या मोठ्या राज्यास जें जमलें तें आपल्या दुकानास जमूं नये असें नाहीं. निराळें टपालखातें उघडण्यास बहुधा दमडीही पडत नाहीं. जोडावयाचें तर दुकानाचें खातें जोडावें. खासगी खातें आधींच जोडलें गेलें असेल, तर अमुक पत्त्यांचीं पत्रें कधींही नोंदूं नयेत अशी यादी पुष्कळ सॉफ्टवेअरांत देतां येते. तींत आप्त, मित्र, वैद्य, वकील यांचीं नांवें प्रथम घालावीं. दिलेली किल्ली टपालखात्याच्या व्यवस्थेंत जाऊन परत घेतां येते. मात्र किल्ली परत घेतल्यानें आधींच नेलेल्या नकला परत येत नाहींत. त्या वहींतून निराळ्या पुसाव्या लागतात, आणि पुष्कळ लोक पहिलें काम करून दुसरें विसरतात. शेवटीं, दुकानाच्या पत्त्यावरून जाणाऱ्या पत्राखालीं, येथील पत्रव्यवहार दुकानाच्या नोंदींत राहतो, अशी एक ओळ घालावी. प्रामाणिक गिऱ्हाईक त्यानें दुखावत नाहीं. उलट आपण कोठें बोलत आहों हें त्यास कळतें, आणि जुन्या तांबटाच्या ओट्यावर बसलेल्या गिऱ्हाइकास जो मान होता तो त्यास परत मिळतो.

होकार देण्यापूर्वीं प्रत्येकानें आपल्या पेटींतील शेवटचीं दहा पत्रें उघडून पाहावीं, आणि प्रत्येकाच्या खालीं ज्याचें नांव आहे त्यास मनांतल्या मनांत विचारावें, 'हें तुझें बोलणें मी दुकानांत नेऊं काय?' जो होय म्हणेल असें वाटतें, त्यास एकदां प्रत्यक्ष विचारून घ्यावें. बाकीच्यांचें उत्तर काय येईल तें आपणांस न विचारतांही ठाऊक असतें. तें ठाऊक आहे म्हणूनच आपण विचारीत नाहीं. आणि ह्या न विचारण्यांतच, आमच्या मतें, सर्व अनीति आहे.